टोपी, लंगोट आणि दोन व्याही

मागची खोली,
मंगळवार, सकाळच्या चहानंतर

व्याहीबुवांस,

सप्रेम नमस्कार. विनंती काही नाही, विशेष मात्र बरंच आहे.

तुम्ही पुढच्या खोलीत सोफ्यावर बसला आहात आणि मी मागच्या खोलीत पलंगावर. मध्ये एक बोळ आणि बाळाची खोली. हाक मारली तर सहज ऐकू जाईल. पण सूनबाईंचा हुकूम तुम्हीही ऐकला आहे : "तुम्ही दोघं बोलायला लागलात की बाळ दचकतं. काही सांगायचं असेल तर एकमेकांना लिहा." हा हुकूम कालच्या भांडणामुळे निघाला. भांडण कोणी सुरू केलं ते मी लिहीत नाही. तुम्हाला माहीत आहे, कारण ते तुम्हीच केलंत.

गोष्ट एवढीशी होती. दवाखान्यातून निघताना डॉक्टरबाई म्हणाल्या, "बाळाची मूत्रपिंडं अजून शिकाऊ आहेत. पाणी आणि मीठ सांभाळायला हळूहळू शिकतील." आता यात पाणी आधी आलं की नाही? मी उभा जन्म धरणाच्या दरवाजांवर काढला. आत किती आलं, बाहेर किती सोडायचं, पोटात किती राखायचं, यातच माझे केस पांढरे झाले. तेव्हा नातवाच्या मूत्रपिंडांबद्दल पहिलं बोलायचा मान माझा. आणि तुम्ही काय म्हणालात? "पाणी काय, तोटी फिरवली की झालं. मीठ सांभाळायला अक्कल लागते." तेही सूनबाई बाळाला घेऊन उंबऱ्यात उभ्या असताना. जन्मभर मिठागरावर मुकादमी केलेल्या माणसाने जरा गोड बोलायला शिकावं.

सूनबाई हुशार आहेत. दोघांना एकेक काम देऊन त्यांनी गप्प बसवलं. नर्सबाईंनी ओले लंगोट मोजायला सांगितलेत, ते माझ्याकडे. तुम्ही तुमची तागडी घेऊन आलात, म्हणून वजन तुमच्याकडे. बाळाला उचलायचं मात्र नाही, कारण हातोहात फिरलं की ते दमतं आणि दूध प्यायला जागं राहत नाही. आठवडाभर शहाण्यासारखे वागलात तर मांडीवर देईन, म्हणाल्या. म्हणजे मी आजोबा झालो खरा, पण नातू अजून माझ्या मांडीवर आलेला नाही. तुमच्याही आलेला नाही, एवढंच काय ते समाधान.

वजन थोडं उतरलं म्हणून तुम्ही तोंड पाडून बसला आहात. अहो, सुरुवातीला उतरतंच. बाळ पोटातून येताना अंगात जास्तीचं पाणी घेऊन येतं आणि मूत्रपिंडं ते सोडून देतात. नवीन धरण पहिल्यांदा भरलं की दरवाजे चालतात का बघायला आम्हीही पाणी सोडायचो. माझा थेंबू दरवाजे तपासतोय. तुमची ती मिठाची बरणी तेवढी समोरून हलवा. येणारे-जाणारे विचारतात.

आपला,
थेंबूचा आजोबा


पुढची खोली,
मंगळवार, जेवण अंगावर आलेलं असताना

व्याहीसाहेब,

पत्र विहीणबाईंनी आणून दिलं. उघडून, वाचून, वर "अक्षर सुधारा" असं तोंडी सांगून दिलं. या घरचं टपालखातं चोख आहे.

बरणी हलणार नाही. मिठागरावर कोणाच्याही घरी मूल झालं की त्याच्या वजनाएवढं मीठ बरणीत भरून ठेवायचं, आणि मूल वाढेल तसं वर घालत जायचं. घातलेलं काढायचं मात्र नाही. काढलं तर मुलाची वाढ खुंटते, असं आमच्याकडची माणसं मानतात. मी मानत नाही. पण मी काढतही नाही. माझ्या लेकीची बरणी तिच्या आईने भरली होती. आज ती असती तर ही तिनेच भरली असती. तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगा, की मीठ आहे, चाटून बघा.

आता अडचण ऐका. बरणीतलं मीठ जन्मदिवसाचं. बाळ त्याहून हलकं. तागडीच्या एका पारड्यात बरणी, दुसऱ्यात माझे खडेराव, आणि खडेरावांचं पारडं वर. माझी लेक बिछान्यातून मान उंच करून विचारते, "बाबा, सारखं झालं का?" पोरीचे डोळे रडून सुजलेत. दूध पुरत नसेल असं तिच्या मनाने घेतलंय. तिला "नाही" म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तुम्हाला काय, तुम्ही लंगोट मोजून मोकळे.

आणि थेंबू काय म्हणता? पोराचं नाव आहे की गळक्या नळाची तक्रार?

खडेरावांचा आजोबा


मागची खोली,
बुधवार, कपडे वाळत घालून झाल्यावर

व्याहीबुवा,

लंगोटांचं म्हणाल तर सगळं सुरळीत आहे. सकाळपासून चांगले ओले आले. सूनबाईंना दाखवले, तर तीन दिवसांत पहिल्यांदा हसल्या आणि पोटभर जेवल्या. दरवाजे उत्तम चालू आहेत. यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही आणि तुम्ही अधिक विचारूही नये.

पण मला तुम्हाला एक विचारायचंय. काल संध्याकाळी मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात आलो, तेव्हा तुम्ही ओट्याशी पाठमोरे उभे होता. पुढ्यात मिठाची पुडी, चमचा आणि सुईदोरा. मिठाला सुईदोरा कशाला लागतो ते मला कळलं नाही. चमचा कशाला लागतो ते मात्र कळलं. व्याहीबुवा, नर्सबाईंनी बजावून सांगितलंय, की बाळाला वरचं पाणी नाही आणि मीठ तर मुळीच नाही. मोठ्या माणसाने खारट खाल्लं तर त्याची मूत्रपिंडं जास्तीचं मीठ बाहेर टाकतात. बाळाच्या मूत्रपिंडांना ते पटकन टाकता येत नाही. ते अंगातच साठतं. तुमची बरणी भरायची हौस बाळावर भागवू नका.

आणि ती नवी लोकरीची टोपी कशासाठी? एवढ्या उकाड्यात? वजन करतानाच कशी थंडी वाजते बाळाला? मला सगळं दिसतं. आमची मंडळी बाळाला पारड्यात ठेवते आणि तुम्ही टोपी घालायच्या मिषाने त्याच्या डोक्यावरून हात फिरवून घेता. हे करारात बसत नाही. मी अजून बाळाच्या नखालाही हात लावलेला नाही.

थेंबूचा आजोबा


पुढची खोली,
गुरुवार, सकाळी

व्याहीसाहेब,

माझ्या मेलेल्या बायकोची शपथ घेऊन लिहितो : खडेरावांच्या तोंडात मी मिठाचा कण घातलेला नाही. तुम्ही संशय घेतलात त्याचं मला नवल नाही. चोराच्या मनात चांदणं.

कारण आता माझी पाळी. काल आणि आज, दोन्ही वेळा, मी तुम्हाला पाण्याचा तांब्या घेऊन बाळाच्या खोलीतून चोरपावलांनी बाहेर येताना पाहिलं. विचारलं असतं, पण बोलायची बंदी. तुम्ही तांब्या पाठीमागे धरलात आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभे राहिलात. ते घड्याळ बंद आहे. व्याहीसाहेब, "बाळाला तहान लागत असेल हो" असं तुम्ही दवाखान्यात म्हणाला होतात, तेव्हा नर्सबाई तुमच्यावर केवढ्या ओरडल्या होत्या ते मी विसरलो नाही. वरचं पाणी पाजलं तर बाळाची मूत्रपिंडं ते भराभर काढू शकत नाहीत आणि रक्तातलं मीठ पातळ होतं. मीठ पातळ होणं म्हणजे काय ते तुम्हाला कळणार नाही. आमच्या धंद्यात ते आभाळ कोसळण्यासारखं असतं. तुम्ही माझ्या नातवाला पाणी पाजताय का? हो की नाही, एका शब्दात लिहा.

दुसरं असं, की वाळत घातलेल्या लंगोटांशी मी काल उभा होतो. बादलीतले न धुतलेले लंगोटही बघितले. वास म्हणून नाही. नावाला नाही. आमच्या लेकीचे लंगोट अख्ख्या चाळीला कळायचे. कुठेतरी पाणी मुरतंय, व्याहीसाहेब.

वजन आज चांगलं भरलं. बरणी आणि बाळ सारखे. लेकीला सांगितलं, तर तिने माझा हात धरून ठेवला. टोपी छान आहे, एवढंच लिहितो.

खडेरावांचा आजोबा

(याच कागदाच्या समासात, उभ्या अक्षरांत)

मी टपालवाली. दोघांची पत्रं वाचते, कारण डाळ निवडताना दुसरं वाचायला काही नसतं. या दोघांनी जेवढे कागद खर्च केले तेवढ्यात एक लग्न झालं असतं. पण मला आज एक खटकलं. बाळ काल रात्री दुधासाठी रडलंच नाही. आज सकाळीही झोपूनच आहे. ओठ सुकल्यासारखे वाटतात. सूनबाई म्हणते, "वजन भरतंय, लंगोट ओले आहेत, म्हणजे बरंच असेल ना?" मलाही तसंच वाटायला हवं. वाटत नाही. उद्या नर्सबाईंकडे नेतेच.


मागची खोली,
गुरुवार, लगेच

व्याहीबुवा,

एका शब्दात : नाही.

आईची शपथ, बाळाच्या ओठांना मी पाण्याचा थेंब लावलेला नाही. तांब्या माझा मला लागतो. म्हातारपणी घसा कोरडा पडतो.

मंडळीचं समासातलं वाचून मात्र माझा घसा खरोखर कोरडा पडला. तुम्ही वजन नीट बघताय ना? बरणी आणि बाळ सारखेच होते ना? कृपा करून आजच कळवा. मी लंगोटांचं कळवतो. लंगोटांचं मी नंतर कळवतो.

थेंबूचा आजोबा


दवाखान्याचा बोळ, दाराजवळचं बाक,
शुक्रवार

व्याहीसाहेब,

भिंतीवर "शांतता राखा" असा फलक आहे, म्हणून इथेही लिहूनच. कागद औषधांच्या पिशवीचा आहे. तुम्ही पलीकडच्या बाकावर डोकं धरून बसला आहात. वर बघू नका, नुसतं वाचा.

नर्सबाईंनी बाळाला उघडं करून त्यांच्या काट्यावर ठेवलं. टोपीसुद्धा काढायला लावली, ती मी खिशात घातली. काट्याने जो आकडा दाखवला तो बघून त्यांनी काटा बंद करून पुन्हा चालू केला. मग आमच्या लेकीकडे बघितलं. "घरी वजन करत होतात ना?" लेक म्हणाली, "रोज. बाबा करतात. कालच भरलं होतं." तेव्हा मी भिंतीकडे बघत होतो.

मग रक्त काढलं. एवढासा हात, व्याहीसाहेब, माझ्या अंगठ्याएवढा. आता डॉक्टरबाई सांगून गेल्या, की बाळाच्या रक्तात सोडियम फार वाढलंय. मी विचारलं, सोडियम म्हणजे काय? त्या म्हणाल्या, "मिठातलंच, आजोबा."

तुम्हाला खरं सांगतो, आणखी कोणाला सांगायचं ते मला समजत नाही. ती टोपी. मी तिच्या काठात पिशवी शिवून मीठ भरलं होतं. मूठभरच. बरणीतून काढायचं नाही म्हणून बाळाच्या बाजूला घातलं. लेकीने विचारलं की "सारखं झालं" म्हणता यावं, एवढाच हेतू होता. बाळाच्या तोंडात कण घातला नाही ही शपथ खरी आहे. पण बाळाची टाळू अजून भरलेली नाही. हाताखाली धडधडते. आणि मीठ ओल शोधतं, हे मी जन्मभर बघत आलोय. गोणी कितीही कोरड्यात ठेवा, ते ओल गाठतंच. टोपीतून ते टाळूत उतरलं, टाळूतून रक्तात. मी माझ्या हाताने त्याच्या डोक्यावर घातलं, व्याहीसाहेब, आणि वर हातही फिरवला.

काय करू ते लिहा. पिशवीच्या मागच्या बाजूला जागा आहे.


तेच बाक नव्हे, पलीकडचं,
शुक्रवार

व्याहीबुवा,

टाळूतून मीठ जात नाही असं मला वाटतं. पण मला काय वाटतं यावर आजपासून कोणी भरवसा ठेवू नये.

मी बाळाला पाणी पाजलं नाही. मी लंगोटांना पाजलं. बुधवारी सकाळी बादलीत सगळे कोरडे होते, एक जेमतेम ओलसर. सूनबाई दारात उभ्या. "नाना, किती?" डोळ्यांत पाणी तयारच. मी म्हटलं, बघतो. न्हाणीघरात तांब्या भरला आणि त्यांची पाठ फिरल्यावर बाळाच्या खोलीतल्या बादलीत सोडलं थोडं. दाखवले. त्या हसल्या, जेवल्या. मग गुरुवारी पुन्हा. एकदा दरवाजा उघडला की बंद करायला धीर लागतो, तो मला झाला नाही. वास नव्हता तो म्हणून. तुमचं नाक चांगलं आहे.

आता माझं ऐका, कारण वेळ थोडा आहे. मघाशी तुम्ही नळावर तोंड धुवायला गेलात, तेव्हा डॉक्टरबाईंनी सूनबाईंना विचारलं, "लघवी किती होते?" सूनबाई म्हणाल्या, "भरपूर. नाना मोजतात." तेव्हा डॉक्टरबाईंचा चेहरा बदलला. त्या म्हणाल्या, की बाळ सुकलेलं असताना लघवी कमी व्हायला हवी. भरपूर होत असेल, तर याचा अर्थ मूत्रपिंडांना पाणी धरताच येत नाही. तो जन्मभराचा आजार असतो. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल, तपासण्या कराव्या लागतील. सूनबाई खुर्चीत नुसत्या बसून राहिल्या, रडल्यासुद्धा नाहीत. तुमचे जावई, म्हणजे आमचे चिरंजीव, गाडी ठरवायला खाली गेलेत.

व्याहीबुवा, तो आजार बाळाला नाही. तो माझ्या तांब्याला आहे.

धरणावर आमचा एकच नियम होता. पातळी जी दिसेल तीच वर कळवायची. साहेबाला बरं वाटावं म्हणून बोटभर इकडे नाही की तिकडे नाही, कारण त्या बोटभरावर खालची गावं झोपलेली असतात. हा नियम मी एकदाही मोडला नाही. नोकरी सुटल्यावर, स्वतःच्या नातवाच्या बाबतीत मोडला.

मी आत जाऊन सांगतो. सूनबाई पुन्हा मला बाळाजवळ उभं करणार नाहीत, आणि बरोबर करतील. माझे पाय मात्र बाकावरून उठत नाहीत. तुम्ही येता का बरोबर?


दवाखाना, डॉक्टरबाईंच्या खोलीचं दार,
शुक्रवार

उभा आहे. या. दोघं एकदमच शिरू.


दवाखाना, बाळाच्या खाटेशेजारून,
रविवार

बाबा आणि नाना,

दोघांना एकच पत्र, कारण वेगवेगळं लिहिण्याएवढे तुम्ही वेगळे नाही आहात. आई घरी येताना हे आणतील. एकत्र बसून वाचा. सोफ्यावर. बाबा, नानांना जागा द्या.

शुक्रवारी तुम्ही आत शिरल्यावर काय झालं ते डॉक्टरबाईंनी मला नंतर सांगितलं. सांगताना त्यांना दोनदा थांबावं लागलं. म्हणे तुम्ही दोघं गुन्हा कबूल करायला आलात आणि घाबरून एकमेकांचाच सांगितलात. बाबांनी सांगितलं की यांनी लंगोटात पाणी ओतलं, नानांनी सांगितलं की यांनी टोपीत मीठ शिवलं. डॉक्टरबाईंना आधी वाटलं, दोन म्हातारे वाट चुकून भलत्याच विभागात आलेत. मग बाबांनी खिशातून टोपी काढून टेबलावर ठेवली आणि ती धप्पकन वाजली.

बाबा, टाळूतून मीठ जात नाही. मी लिहून घेतलंय, जात नाही. झोपा आता.

झालं ते असं. बाळाला नीट ओढता येत नव्हतं, म्हणून दूध पोटात कमी जात होतं. पाणी कमी पडलं, म्हणून रक्तातलं मीठ दाट झालं. मीठ वाढलं नव्हतं, पाणी आटलं होतं. मोठ्या माणसाला पाणी कमी पडलं तर मूत्रपिंडं लघवी खूप घट्ट करून पाणी राखतात. बाळाची तेवढं राखू शकत नाहीत, पण त्याने त्याच्या परीने राखलं. लंगोट कोरडे होते ते त्यामुळे. नाना, तुम्ही दरवाजे उघडे दाखवत होतात तेव्हा माझं पोर आत एकटं दरवाजे ओढून बसलं होतं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, लंगोटांचं खोटं त्यांना संध्याकाळपर्यंत कळलंच असतं, कारण इथेही बाळाने दिवसभरात जेमतेम एक ओला केला. पण तोपर्यंत आम्ही गाडीत असतो. तुम्ही उठून आत गेलात त्यामुळे गाडी परत गेली. हे मी विसरणार नाही. दुसरंही विसरणार नाही.

आता पाणी द्यायचं तेही सावकाश. एकदम दिलं तर मेंदूला सूज येते, म्हणून दोन दिवस थोडं थोडं. नर्सबाई मला दूध पाजायला शिकवतायत, बाळाला प्यायला शिकवतायत. काल संध्याकाळी त्याने डोळे उघडले आणि माझ्यावर चिडला. इतकं बरं वाटलं.

आता रागवायचंय. मी रडत होते म्हणून तुम्ही दोघांनी मला बरं वाटेल असं केलंत. मला बरं वाटलंही. अडचण तीच झाली. बरं वाटलं म्हणून मी दवाखान्यात आले नाही. गुरुवारी आईंनी म्हटलं, ओठ सुकलेत, आणि मी म्हटलं, वजन भरतंय. तुमचं प्रेम बघून मी माझ्या पोराकडे बघायची राहिले. रडणाऱ्या बाईला रडू द्यावं हो. तिला खरं सांगावं आणि शेजारी बसावं.

घरी आल्यावर वजन नर्सबाईंच्या काट्यावर होईल, लंगोट आई मोजतील. मांडीवर बाळ कधी मिळणार ते विचारू नका. मी ठरवेन.

तुमची


पुढची खोली,
सोमवार

व्याहीसाहेब,

तुम्ही शेजारीच बसला आहात, पण सवय लागली.

लेकीचं पत्र वाचल्यापासून तुम्ही चहा घेतलेला नाही. घ्या. चहाने कुठले दरवाजे तुटत नाहीत.

सकाळी तुम्ही झोपला होतात तेव्हा मी बरणी उघडली. नर्सबाईंकडून शुक्रवारचा खरा आकडा विचारून घेतला होता. तागडी लावली आणि मीठ काढलं. जन्मात पहिल्यांदा काढलं. थोडं सांडलंही. काढताना बायकोची आठवण झाली, ती माझ्यावर ओरडली असती असं वाटलं. मग वाटलं, नसती ओरडली. ती लेकीची आई होती, बरणीची नव्हती. आता बरणी अर्धवट दिसते. पण खरी दिसते. इथून पुढे पोर भरेल तशी भरेन.

काढलेलं मीठ विहीणबाईंनी स्वयंपाकात घेतलं. दुपारच्या भाजीत जरा जास्त पडलं होतं, ते तेच. तुम्ही न बोलता दोनदा वाढून घेतलंत, हे मी पाहिलं.

खडेरावांचा आजोबा. थेंबूचा म्हणालात तरी चालेल.


मागची खोली, पलंग,
पुढच्या बुधवारी, दुपारी

व्याहीबुवा,

अक्षर वाकडं आलंय, कारण एकाच हाताने लिहितोय.

बोलायची बंदी उठली आहे हे मला माहीत आहे. बाळ काल घरी आलं तेव्हा सूनबाईंनीच सांगितलं, की आता बोला, फक्त खरं बोला. त्यावर आपण दोघं रात्रीपर्यंत गप्पच होतो. पण आता मी लिहितोय त्याला कारण आहे. मघाशी तुम्ही औषध आणायला खाली उतरलात आणि सूनबाई खोलीत आल्या. पलंगावर उशी लावली, मला टेकून बसवलं आणि बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. नर्सबाईंच्या काट्यावर आज सकाळी ते जन्माच्या वजनाजवळ आलंय, म्हणाल्या. मग दार लोटून झोपायला गेल्या. माझ्याकडे बाळ देऊन त्या झोपल्या, व्याहीबुवा.

ते फार हलकं आहे. आणि फार जड आहे. मी धरणाची भिंत भरलेली पाहिली आहे, पण इतकं सांभाळून मी कधी बसलो नव्हतो. त्याने माझं बोट धरलंय आणि ते सोडवून घ्यायची माझी छाती नाही. तुम्ही आलात की तुमची पाळी. तुमच्यासाठी उशी तशीच ठेवली आहे.

लिहायचं खरं कारण असं, की मला आता उठता येत नाही आणि हाक मारली तर बाळ दचकेल. आमची मंडळी पत्र न्यायला येईल तेव्हा ती बघेल आणि माझ्याकडे संशयाने बघेल. या घरात माझ्या शब्दावर अजून कोणी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवू नये. म्हणून पत्र हाती पडताच तुम्ही या. तुमचं ते नाक घेऊन या. वास घ्या, हात लावून बघा, आणि सगळ्यांसमोर साक्ष द्या.

माझी मांडी गुडघ्यापर्यंत भिजली आहे, धोतर गेलं, चादर गेली, आणि तांब्या तिकडे ओट्यावर उपडा आहे. या वेळचं पाणी माझं नाही.